सव्वीस सेकंद आणि छत्तीस वर्षं : झाप्रूडर यांच्या फिल्मचं प्रकरण

२२ नोव्हेंबर १९६३ ची सकाळ. डॅलसमधले कपड्यांचे कारखानदार अब्राहम झाप्रूडर कॅमेरा घरीच ठेवून कामावर आले होते. आभाळ भरून आलं होतं, आणि एवढ्या गर्दीत आपल्याला काय दिसणार, असंही त्यांना वाटत होतं. राष्ट्राध्यक्ष केनेडी दुपारी ऑफिसच्या दारावरून जाणार होते. सेक्रेटरीने टुमणं लावलं, ऊनही पडलं, आणि अठ्ठावन्न वर्षांचा हा गृहस्थ परत घरी जाऊन कॅमेरा घेऊन आला.

पुढचं साऱ्या जगाला ठाऊक आहे. दुपारी साडेबाराला डॅलसच्या डीली प्लाझा या चौकात गोळ्या झाडल्या गेल्या आणि सुमारे सव्वीस सेकंदांच्या एका घरगुती फिल्मवर राष्ट्राध्यक्षांचा खून पहिल्यापासून शेवटपर्यंत उतरला. या प्रकरणावर लिहिणारे बहुतेक जण त्या सव्वीस सेकंदांतच अडकतात. गोळ्या किती, आल्या कुठून, मागे कट होता का? मला मात्र त्यानंतरची छत्तीस वर्षं जास्त अभ्यासण्यासारखी वाटतात. कॅमेऱ्याचं बटण दाबताना झाप्रूडर यांनी काहीच ठरवलं नव्हतं. ठरवावं लागलं ते नंतर, तेही रडून लाल झालेल्या डोळ्यांनी, चोवीस तासांच्या आत. ही वस्तू कुणाची? कुणाला द्यायची? कुणाला दाखवायची नाही? आणि पैसे घ्यायचे का?

माणूस कोण होता

झाप्रूडर यांचा जन्म १९०५ चा, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या कोवेल गावचा. हे गाव आज युक्रेनमध्ये आहे. ज्यू कुटुंब १९२० मध्ये न्यूयॉर्कला आलं. तिथल्या कपड्यांच्या धंद्यात ते पॅटर्न कापायला शिकले, १९४१ मध्ये डॅलसला गेले आणि पुढे भागीदारीत बायकांचे ड्रेस शिवण्याचा कारखाना काढला. नाव जेनिफर ज्युनिअर्स. ऑफिस डाल-टेक्स इमारतीत, म्हणजे ज्या टेक्सस स्कूल बुक डिपॉझिटरीच्या सहाव्या मजल्यावरून गोळ्या आल्या, तिच्या बरोबर समोर. केनेडींवर त्यांची भक्ती होती.

कॅमेरा हौशी माणसाचा होता, पण साधासुधा नव्हता. बेल अँड हॉवेलचा चावीवर चालणारा आठ मिलिमीटरचा झूमॅटिक, आत रंगीत कोडाक्रोम. त्या काळी आठ मिलिमीटरचं रीळ प्रत्यक्षात सोळा मिलिमीटर रुंद यायचं. अर्धी बाजू संपली की रीळ उलटं घालायचं, दुसरी बाजू वापरायची, आणि धुतल्यावर लॅबमध्ये ते मधोमध चिरायचं. झाप्रूडर यांच्या रिळाच्या पहिल्या बाजूवर घरच्या माणसांची चित्रं होती. म्हणजे एकाच पट्टीच्या एका काठावर घर आणि दुसऱ्या काठावर हे.

सव्वीस सेकंद

एल्म स्ट्रीटच्या कडेला हिरवळीच्या चढावर काँक्रीटची एक कमानवजा बांधणी आहे, आणि तिच्या टोकाला साधारण चार फुटी चौथरा. झाप्रूडर त्यावर चढले. उंचीवर त्यांना चक्कर येत असे, म्हणून रिसेप्शनिस्ट मेरिलिन सिट्झमन मागे उभी राहून त्यांना धरून होती. पुढच्या मोटारसायकली दिसताच त्यांनी कॅमेरा सुरू केला, राष्ट्राध्यक्षांची गाडी अजून मागे आहे हे लक्षात येताच बंद केला. फिल्म महाग असते. गाडी वळणावर आली तेव्हा पुन्हा सुरू केला, आणि मग ती रेल्वेपुलाखाली दिसेनाशी होईपर्यंत बोट उचललं नाही.

एकूण ४८६ चौकटी. आवाज नाही. गाडी एका रस्त्याच्या पाटीमागे जाते, बाहेर येते तेव्हा केनेडींचे हात गळ्याशी गेलेले असतात. चौकट ३१३ मध्ये डोक्याला गोळी लागते. त्या चौकटीचं वर्णन मी इथे करणार नाही. का, ते पुढे येईल.

त्यांनी कॅमेरा कसा चालू ठेवला, असं लोक आजही विचारतात. याला धैर्य म्हणणं मला पटत नाही. डोळा भिंगाला लावलेला माणूस जे बघतो ते त्याच्या अंगावर थोडं उशिरा येतं, एवढंच. चौथऱ्यावरून उतरले तेव्हा ते ओरडत होते की त्याला मारलं, त्याला मारलं.

व्यावसायिक कॅमेरे कुठे होते, हा रास्त प्रश्न आहे. मिरवणूक संपत आलेली होती, टीव्हीवाल्यांनी डीली प्लाझात कॅमेरा लावला नव्हता आणि छायाचित्रकारांच्या गाड्या ताफ्यात मागे होत्या. एपी वृत्तसंस्थेचा एक फोटोग्राफर रस्त्याकडेला होता, त्याने मोजके पण महत्त्वाचे फोटो टिपले. बाकी जे काही नोंदलं गेलं ते हौशींनी. मेरी मूरमन यांचा पोलरॉइड, ऑरव्हिल निक्स आणि मेरी मचमोर यांच्या छोट्या फिल्म. त्यांची आठवण ठेवा, पैशांच्या हिशोबात ती लागेल.

ती दुपार

ऑफिसकडे परतणाऱ्या झाप्रूडर यांना आधी भेटला तो 'डॅलस मॉर्निंग न्यूज'चा बातमीदार हॅरी मॅकॉर्मिक. तो राष्ट्राध्यक्षांची सुरक्षा सांभाळणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसचे डॅलसचे प्रमुख फॉरेस्ट सॉरल्स यांना घेऊन आला. आणि इथे या प्रकरणातली मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट घडते. सॉरल्स यांनी फिल्म जप्त केली नाही. तपासासाठी एक प्रत द्याल का, अशी विनंती केली.

आज हे अशक्य वाटतं. पण १९६३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचा खून हा केंद्रीय गुन्हाच नव्हता. तो कायदा १९६५ चा. त्या दुपारी कायद्याच्या नजरेने ही टेक्सस राज्यातल्या एका खुनाची केस होती, आणि सॉरल्स यांच्या हाती विनंतीपलीकडे फारसं काही नव्हतं. शिवाय गोंधळ एवढा, की वस्तूचं मोल कुणाच्याच डोक्यात शिरलेलं नव्हतं. झाप्रूडर यांच्या मात्र शिरलं होतं. धंद्यातला माणूस. रडत होता, पण कॅमेरा हातातून सुटू देत नव्हता.

फिल्म धुवायला निघालेली वरात वृत्तपत्राच्या कचेरीत गेली, तिथे सोय नव्हती. शेजारच्या डब्ल्यूएफएए टीव्ही स्टेशनवर गेली, तिथेही रंगीत आठ मिलिमीटर धुता येत नव्हतं. पण स्टुडिओ होता, आणि साक्षीदार दारात उभा होता. त्यांना थेट प्रक्षेपणात बसवलं गेलं. हात स्वतःच्या डोक्याकडे नेत त्यांनी काय पाहिलं ते सांगितलं. फिल्म तेव्हा अजून कॅमेऱ्यातच होती, न धुतलेली. ती मुलाखत आजही बघता येते. मला ती फिल्मपेक्षा जड जाते.

अखेर पोलिसांच्या गाडीतून सगळे कोडॅकच्या लॅबमध्ये पोचले. फिल्म धुतली, पण प्रती काढायचं यंत्र तिथे नव्हतं, म्हणून रीळ घेऊन जेमिसन फिल्म कंपनीत, तिथे तीन प्रती, आणि त्या धुवायला पुन्हा कोडॅककडे. दरम्यान खुनाचा संशयित ली हार्वे ओस्वाल्ड पकडला गेल्याचं कळून सॉरल्स निघूनही गेले होते. शतकातला सगळ्यात मोठा पुरावा एक ड्रेसवाला शहरभर घेऊन फिरत होता. या फेऱ्यांत त्यांनी एक गोष्ट न चुकता केली. प्रत्येक ठिकाणाहून शपथपत्र लिहून घेतलं की आम्ही एवढ्याच प्रती केल्या, जास्त नाही. रात्री त्यातल्या दोन प्रती सीक्रेट सर्व्हिसला दिल्या. मूळ रीळ आणि एक प्रत घेऊन ते घरी गेले.

कटाच्या गोष्टी रचणाऱ्यांना ही धावपळ संशयास्पद वाटते. फिल्म मध्येच कुठेतरी बदलली, असं म्हणणारे आजही आहेत. मला त्या शपथपत्रांत कापड मोजून घेणारा व्यापारी दिसतो.

शनिवारचा सौदा

'लाइफ' साप्ताहिकाचे लॉस एंजेलिसचे प्रतिनिधी रिचर्ड स्टॉली शुक्रवारी संध्याकाळी डॅलसला पोचले. कुणा झाप्रूडरने सगळं टिपलं आहे, अशी कुणकुण लागताच त्यांनी फोनच्या डिरेक्टरीत नाव शोधलं आणि दर पंधरा मिनिटांनी नंबर फिरवत राहिले. रात्री अकराच्या सुमाराला फोन उचलला गेला. लगेच येऊ का, या प्रश्नाला उत्तर आलं की आज नको, सकाळी नऊला ऑफिसात या. स्टॉलींनी हट्ट धरला नाही. सकाळी मात्र ते आठलाच हजर झाले.

त्या एका तासाने 'लाइफ'ला फिल्म मिळवून दिली. झाप्रूडर सीक्रेट सर्व्हिसच्या माणसांना फिल्म दाखवत होते, ती स्टॉलींनाही बघता आली. नऊनंतर इतर बातमीदार जमले, आरडाओरडा सुरू झाला, दारं वाजू लागली. आत बंद खोलीत स्टॉली हळू आवाजात बोलत होते. झाप्रूडर यांनी त्यांना रात्री पडलेलं स्वप्न सांगितलं, असं स्टॉलींनी नंतर अनेकदा लिहिलं-बोललं. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधलं एखादं गलिच्छ थिएटर, दाराशी उभा माणूस ओरडून बोलावतो आहे, या, राष्ट्राध्यक्षाचं डोकं फुटताना बघा.

छापील हक्कांचे ५०,००० डॉलर ठरले. स्टॉली मागच्या दाराने फिल्म घेऊन निघून गेले आणि बाहेरच्या गर्दीला तोंड द्यायला झाप्रूडर उरले. पुढच्या दोन दिवसांत 'लाइफ'ने चित्रपट-टीव्हीसकट सगळेच हक्क घ्यायचं ठरवलं. सोमवारी एकूण रक्कम झाली १,५०,००० डॉलर, वर्षाला २५,००० चे सहा हप्ते. आजच्या हिशोबाने पंधरा लाख डॉलरच्या आसपास.

आता निक्स आणि मचमोर यांची आठवण. मचमोर यांची फिल्म यूपीआय वृत्तसंस्थेने १,००० डॉलरला घेतली, निक्स यांची ५,००० ला. तिघेही त्याच दुपारी त्याच चौकात. फरक जागेचा आणि झूमचा होताच, पण विक्रेत्याचाही होता.

पहिला २५,००० चा हप्ता झाप्रूडर यांनी ओस्वाल्डच्या गोळीला बळी पडलेले पोलीस अधिकारी जे. डी. टिपिट यांच्या पत्नीसाठी दिला. दान खरंच होतं. पण सौद्याच्या आदल्याच दिवशी जॅक रूबी या डॅलसच्या नाइटक्लबवाल्याने ओस्वाल्डला मारलं होतं, रूबी ज्यू होता, आणि एका ज्यू व्यापाऱ्याने राष्ट्राध्यक्षाच्या मृत्यूवर पैसा केला, ही बोंब डॅलसमध्ये उठायला वेळ लागला नसता. दानाचा सल्ला त्यांच्या वकिलाचा होता, आणि त्यामागे ही भीती होती, असं स्टॉलींनी पुढे सांगितलं.

जुलै १९६४ मध्ये केनेडींच्या खुनाची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगासमोर साक्ष देताना झाप्रूडर यांना रडू आवरेना. साक्षीच्या शेवटी वकील वेस्ली लीबलर यांनी फिल्मचे किती मिळाले, असं विचारलं. उत्तर अडखळत आलं, आणि आकडा आला पंचवीस हजार, तोही दान केल्याचा. उरलेल्या सव्वा लाखाचा उल्लेख नाही. हे खोटं म्हणायचं का? एक हप्ता तेवढाच होता आणि तो त्यांनी दिला होता, हे खरं. पण शपथेवरचा प्रश्न एकूण रकमेचा होता. मी त्यांना या बाबतीत सोडून द्यायला तयार नाही, आणि दोषही मनापासून देता येत नाही. त्यांना पैसे घेतल्याची लाज वाटत होती. घेतल्याचा पश्चात्ताप झाला होता, असं मात्र कुठे दिसत नाही.

फिल्मचं घड्याळ

तपासाच्या दृष्टीने या फिल्मचं खरं काम चित्राहून वेळेचं होतं. एफबीआयने कॅमेरा तपासून त्याचा वेग सेकंदाला सरासरी १८.३ चौकटी असा काढला. म्हणजे चौकटींमधलं अंतर मोजलं की सेकंद मिळतात. ओस्वाल्डच्या रायफलीला दोन गोळ्यांमध्ये किमान २.३ सेकंद लागत, म्हणजे साधारण ४२ चौकटी. आणि फिल्ममध्ये केनेडी आणि त्यांच्यापुढे बसलेले गव्हर्नर कॉनली यांना झालेल्या जखमांमधलं अंतर याहून कमी दिसत होतं. मग एक तर दोन बंदूकधारी, नाहीतर दोघांना एकच गोळी. वॉरन आयोगाचा 'एकच गोळी' सिद्धान्त या घड्याळाच्या रेट्यातून जन्मला. फिल्म नसती तर त्याची गरजही पडली नसती.

म्हणजे ज्या पुराव्याने शंका मिटायला हवी होती त्यानेच ती जन्माला घातली. त्यात माणसांच्या चुकांची भर. सीबीएस टीव्हीचे तरुण बातमीदार डॅन रादर यांनी फिल्म पाहून देशाला सांगितलं की राष्ट्राध्यक्षांचं डोकं जोरात पुढे गेलं. फिल्ममध्ये ते ठळकपणे मागे जातं. आयोगाने छापलेल्या खंडात ३१४ आणि ३१५ या चौकटींची अदलाबदल झाली, आणि त्यामुळेही हालचाल उलटी भासू लागली. छपाईची चूक, असं एफबीआयने पुढे कबूल केलं. 'लाइफ'च्या लॅबमध्ये मूळ रिळाच्या २०८ ते २११ या चौकटी खराब होऊन काढाव्या लागल्या, नेमक्या पाटीच्या आसपासच्या. प्रतींमध्ये त्या होत्या, पण मूळ तुटलेलं आहे एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं.

तिजोरी

'लाइफ'ने २९ नोव्हेंबरच्या अंकात निवडक चौकटी कृष्णधवल छापल्या, ३१३ वगळून. सभ्यतेने वापरायचं, असा झाप्रूडर यांना शब्द दिला होता. त्यानंतर हलती फिल्म जवळपास बारा वर्षं सर्वसामान्य अमेरिकनाने पाहिली नाही. सभ्यता आणि मक्तेदारी यांतली रेघ कुठे होती, हे ठरवणं अवघड आहे. मृताच्या कुटुंबाची विटंबना टळली, हे खरं. पण ज्या पुराव्यावर सरकारी अहवाल उभा होता तो बघायला नागरिकाला एका खाजगी कंपनीची परवानगी लागत होती, हेही तितकंच खरं.

जोसाया थॉम्पसन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने १९६७ मध्ये पुस्तक लिहिलं. चौकटी छापायला परवानगी मिळाली नाही, म्हणून त्याने कोळशाने काढलेली रेखाचित्रं छापली. 'लाइफ'च्या मालक कंपनीने खटला भरला. १९६८ चा निकाल वाचनीय आहे. लेखकाचा वापर न्यायालयाने रास्त ठरवला. पण ही फिल्म स्वामित्वहक्काला पात्र आहे का, या मुद्द्यावर उत्तर हो असं आलं, कारण कॅमेरा, फिल्म, भिंग, जागा आणि वेळ ही निवड झाप्रूडर यांची होती. सेक्रेटरीच्या आग्रहावरून आणलेला कॅमेरा आणि चक्कर येणारा चौथरा कायद्याच्या भाषेत सर्जनशील निवड ठरला.

१९६९ मध्ये न्यू ऑर्लीन्सचे सरकारी वकील जिम गॅरिसन यांनी केनेडींच्या खुनाच्या कटाचा आरोप असलेल्या क्ले शॉ यांच्यावरच्या खटल्यात फिल्म कोर्टात पुन्हा पुन्हा दाखवली. झाप्रूडरही साक्षीला आले होते. शॉ निर्दोष सुटले, पण तिथून निघालेल्या चोरट्या प्रती कॉलेजांमध्ये फिरू लागल्या. ऑगस्ट १९७० मध्ये झाप्रूडर कर्करोगाने गेले. त्यांच्या स्वप्नातलं थिएटर तोवर उघडलं नव्हतं.

६ मार्च १९७५ ला जेराल्डो रिव्हेरा यांच्या रात्रीच्या कार्यक्रमात फिल्मचे अभ्यासक रॉबर्ट ग्रोडन आणि विनोदी कलाकार डिक ग्रेगरी यांनी एक प्रत लावली. पूर्वसूचना देऊन, पण ३१३ सकट. स्टुडिओतल्या प्रेक्षकांनी श्वास रोखल्याचा आवाज त्या चित्रफितीत ऐकू येतो. लोक खवळले. त्या लाटेचा वाटा पुढच्या वर्षी प्रतिनिधीगृहाने नेमलेल्या चौकशी समितीतही आहे. 'लाइफ'च्या मालकांना आता ही वस्तू नकोशी झाली. एप्रिलमध्ये त्यांनी मूळ रीळ आणि हक्क झाप्रूडर कुटुंबाला परत विकले, एका डॉलरला.

इथे मी चौकट ३१३ कडे परत येतो. ती आता कुणालाही, केव्हाही बघता येते, आणि बघू नये असं मी म्हणत नाही. पण ती टिपणाऱ्या माणसाने सौदा करतानाही घातलेली अट तिच्याबद्दलची होती. लिहिताना तेवढी पाळता येते, म्हणून पाळली.

किंमत

कुटुंबाने १९७८ मध्ये मूळ रीळ नॅशनल आर्काइव्हजमध्ये ठेवायला दिलं, मालकी आपल्याकडे ठेवून. पुढे १९९२ चा कायदा आला. केनेडी-खुनाशी संबंधित कागदपत्रं सरकारजमा करायची, आणि त्यासाठी नेमलेल्या मंडळाने १९९७ मध्ये ही फिल्मही त्यात धरली. १ ऑगस्ट १९९८ पासून ती सरकारची. ३५ वर्षांपूर्वी सॉरल्स यांनी न केलेली जप्ती अखेर झाली, फक्त आता मोबदला द्यावा लागणार होता.

साधारण सहा फुटांच्या पट्टीची किंमत कशी ठरवायची? लिलावघरांचे जाणकार आले, कलाकृतींशी तुलना झाली. सरकारचा प्रस्ताव काही लाखांतून सुरू होऊन फार वर गेला नाही, कुटुंबाची मागणी त्याच्या कितीतरी पट होती. तिघा लवादांनी १९९९ मध्ये दोन विरुद्ध एक मताने १ कोटी ६० लाख डॉलर ठरवले. मी भागाकार करून पाहिला. चौकटीमागे सुमारे ३३,००० डॉलर. १९६३ च्या सौद्यात तोच दर ३०९ च्या आसपास पडला होता. असहमत लवाद वॉल्टर डेलिंजर यांच्या मते ३० ते ५० लाख पुरेसे होते. या वस्तूला बाजारच नाही, कारण दुसरी अशी कधी विकली गेलीच नाही, हा त्यातला खरा पेच. मला डेलिंजर यांचा आकडा जास्त पटतो, पण तोही हवेतलाच.

पैसे रिळाचे होते, हक्कांचे नव्हते. स्वामित्वहक्क कुटुंबाकडेच राहिला होता, आणि डिसेंबर १९९९ मध्ये त्यांनी तो, आपल्याकडच्या प्रतींसकट, डॅलसच्या सिक्स्थ फ्लोअर म्युझियमला देऊन टाकला. त्याचे पैसे घेतले नाहीत. हे म्युझियम जुन्या बुक डिपॉझिटरीत आहे, ज्या मजल्यावरून गोळ्या आल्या त्याच मजल्यावर. एखाद्याला आज त्या फिल्ममधली चौकट छापायची असेल तर परवानगीचा अर्ज तिथे करावा लागतो. खाली रस्त्याकडेला तो चौथरा अजून आहे, आणि आलेले लोक त्यावर चढून मोबाइल धरतात.